मुलांचे तास : गिरणीच्या भोंग्यापासून मोबाईलपर्यंत



मोबाईल आणि वयात येणाऱ्या मुलांचे मन हा विषय एखाद्या डॉक्टराने किंवा मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडावा, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती रास्तच आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत, कायद्याच्या पुस्तकांत व गावच्या वाचनालयात अधिक झाले. तरीही हा विषय आम्ही अंगावर घेतला, याला कारण आहे. घरोघर या प्रश्नाची चर्चा होते ती संस्कारांचा प्रश्न म्हणून. पोरे बिघडली, आईबापांचे लक्ष नाही, जमाना वाईट आला, असे तिचे स्वरूप असते. आम्हांस हा प्रश्न निराळा दिसतो. आमच्या मते त्याचे मूळ एका जुन्या शब्दात आहे आणि तो शब्द म्हणजे ‘तास’. दिवसाच्या चोवीस तासांपैकी माणसाचे स्वतःचे किती आणि दुसऱ्याच्या नफ्याचे किती, या एका हिशोबावर कामगारांनी शंभर वर्षे झगडा केला. तोच हिशोब आज आपल्या मुलांच्या बाबतीत मांडण्याची वेळ आली आहे. म्हणून आरंभ गिरणीपासून करू.

मुंबईत ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत गिरण्या वाढल्या, पण तासांना कायद्याची मर्यादा नव्हती. मर्यादा एकच होती, ती सूर्याची. उजाडले की भोंगा व्हायचा आणि अंधारले की सुटका. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, हिवाळ्यात लहान म्हणून थोडे कमी. या कामात मुलेही होती. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या पोराला नऊ तास! आणि हा सुधारणेचा कायदा होता, हे ध्यानात घ्यावे.

या कायद्याविरुद्ध त्या काळी जे बोलले गेले ते आज वाचताना गंमत वाटते आणि अंगावर काटाही येतो. मुलांना आईबापच पाठवतात, मग सरकारने मध्ये का पडावे? घरी बसून ती उनाडक्या करतील, त्यापेक्षा गिरणीत बरी नव्हेत काय? वय ठरवायचे तरी कसे? जन्माच्या नोंदी नव्हत्या, म्हणून डॉक्टर मुलाचे दात आणि अंगकाठी पाहून वयाचा दाखला देत. खोट्या वयाची मुले या चाळणीतून सहज सुटत. पुढे तर एकाच दिवशी एका मुलाला दोन कारखान्यांत राबवू नये, असे कायद्यात लिहावे लागले. अर्धवेळ म्हणून एका गिरणीतून सुटलेले पोर उरलेला अर्धा दिवस दुसरीत जाऊन भरत होते.

या अंधारात पहिला दिवा लावला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा हा कार्यकर्ता, ‘दीनबंधु’ पत्राचा संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, पगार वेळेवर व्हावा, अशा साध्या मागण्या होत्या. सहा वर्षे त्यांनी तगादा लावला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी दुपारी वामकुक्षी घेतो, ती कोणी दयाळूपणे दिलेली नाही. ती मिळवलेली आहे.

सुट्टी मिळाली आणि पुढे एक नवीच आपत्ती आली. गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्य मावळला की काम थांबते, हा सृष्टीचा नियम होता. दिव्याने तो मोडला. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या अनेक गिरण्या तेरा-तेरा, चौदा-चौदा तास चालू लागल्या आणि कामगार संतापून रस्त्यावर आले. त्यानंतर चौकशीची कमिशने बसली, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांना बारा तासांची व मुलांना सहा तासांची मर्यादा आली. मग १९२२, १९३४ आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ असे टप्पे होत होत आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले आणि चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्याचे दार बंद झाले. पहिल्या कायद्यापासून येथवर यायला सदुसष्ट वर्षे लागली.

यात विजेच्या दिव्याचा दोष काय? काहीही नाही. त्याच दिव्याखाली कामगारांच्या रात्रशाळा भरल्या, त्याच उजेडात आमच्यासारख्यांनी अक्षरे गिरवली. दोष होता तो दिव्याच्या बळावर माणसाची रात्र विकत घेणाऱ्या व्यवहाराचा. मोबाईलचा विचार करताना ही गोष्ट विसरता कामा नये. मोबाईल हा आजचा विजेचा दिवा आहे. त्याच्यावर राग धरणे व्यर्थ आहे. पण त्याच्या उजेडात कोण कोणाची रात्र खातो आहे, हे पाहणे मात्र आपले कर्तव्य आहे.

आता या नव्या दिव्याचा इतिहास थोडक्यात पाहू. २००६ मध्ये फेसबुक तेरा वर्षांवरील कोणालाही खुले झाले. २००७ मध्ये आयफोन आला आणि संगणक खिशात बसला. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले, म्हणजे माणसाच्या पसंतीचा आकडा चारचौघांत टांगला जाऊ लागला. २०१० मध्ये इन्स्टाग्राम निघाले. याच सुमारास आणखी एक लहानशी युक्ती रूढ झाली. पूर्वी संगणकावरचे पान वाचता वाचता संपत असे. संपले की माणूस क्षणभर थांबे आणि पुढे जायचे की उठायचे, हे ठरवी. आझा रास्किन नावाच्या अमेरिकन आरेखकाने २००६ मध्ये न संपणारे पान तयार केले. बोट सरकवत राहावे, खालून नवे येतच राहते. या गृहस्थांनी पुढे आपल्या या कल्पनेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आम्ही याचा अर्थ आमच्या भाषेत असा लावतो : पानाचा शेवट हा एक भोंगा होता. ‘आता सुटी’ असे तो सांगत होता. तो भोंगाच काढून टाकला गेला.

आणि हे सारे कशासाठी? मुलाकडून पैसा तर कोणी घेत नाही. येथेच खरी मेख आहे. कंपनीला पैसा मिळतो जाहिरातदाराकडून, आणि जाहिरातदाराला विकला जातो तो पाहणाऱ्याचा वेळ व त्याच्या आवडीनिवडींची नोंद. मूल जितका वेळ पाहील, जितके थांबेल, जितके बोट लावील, तितका माल तयार होतो. म्हणजे ही एक पाळीच आहे. हजेरीपट नाही, मजुरी नाही, सुटीचा भोंगा नाही. आणि कामगाराला तर आपण खेळतो आहोत असेच वाटते. वयाचा दाखला म्हणाल तर तो गिरणीच्या दातांपेक्षाही सोपा. तेरा वर्षांची अट आहे ती अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यामुळे. दहा वर्षांचे पोर जन्मसाल बदलून लिहिते आणि आत जाते.

आपल्याकडे हा लोंढा आला सप्टेंबर २०१६ नंतर. जिओ सुरू झाले, डेटा स्वस्त झाला, आणि ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते तेथे जगभरची चित्रे येऊ लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या, आणि जी वस्तू मुलांच्या हाती देऊ नये असे आपण म्हणत होतो ती आपणच कर्ज काढून त्यांच्या हाती दिली. शाळाच तीत भरत होती. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. दुसऱ्याच महिन्यात इन्स्टाग्रामने तशाच रील आपल्याकडे सुरू केल्या. एक दुकान बंद झाले आणि तोच माल शेजारच्या दुकानात मांडला गेला. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. अशा मुलांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी.

आता आपल्या उरणकडे वळू. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतली ९५ गावे धरली गेली. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर चालू झाले. शेते गेली, मिठागरे गेली, खाडीकाठ भराव घालून बुजला. नोकऱ्या आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्ही त्या नोकऱ्यांसाठीच आयुष्यभर भांडलो. परंतु त्याबरोबर काय गेले त्याचा हिशोब कोणी लिहिला नाही. ज्या मोकळ्या जागेत पोरे संध्याकाळी कबड्डी खेळत, तेथे कंटेनरच्या थप्प्या लागल्या. ज्या रस्त्याने मूल एकटे आजोळी जाई, त्या रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली. आई म्हणते, बाहेर ट्रेलरखाली जाण्यापेक्षा घरात मोबाईल घेऊन बसलेला बरा. तिला अडाणी कोण म्हणेल? गिरणीच्या काळातली आईही तेच म्हणत होती : उनाडण्यापेक्षा गिरणीत बरा. आई चुकत नाही. तिच्यापुढे ठेवलेल्या दोन वाटाच चुकीच्या असतात.

दुसरी गोष्ट पाळ्यांची. बंदर रात्री झोपत नाही. बाप रात्रपाळीला, आई सकाळच्या कामाला, आणि मूल मधल्या वेळेत एकटे. आमच्या युनियनमधला एक सभासद सांगत होता. रात्रपाळी करून तो सकाळी सातला घरी आला, तो नववीतला मुलगा अंथरुणात जागा, डोळे लाल, फोन उशाखाली गरम. तो आम्हांस म्हणाला, “साहेब, त्या दिवशी घरात दोन माणसे रात्रपाळी करून आली होती. मला भत्ता मिळाला, त्याला काय मिळालं?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

मुलांच्या मनाचे नुकसान होते काय, हे आता पाहू. येथे शास्त्रज्ञांत एकमत नाही आणि ते लपवण्यात हशील नाही. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. मुलांच्या सुखदुःखातल्या फरकाचा फार तर ०.४ टक्का भाग यंत्रांच्या वापराशी जोडता येतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उलट, २०२३ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी जाहीर इशारा दिला की, दिवसाला तीन तासांहून अधिक काळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांत खिन्नता व चिंता यांचा धोका दुप्पट आढळतो. २०२१ मध्ये फेसबुकच्या फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीचीच कागदपत्रे बाहेर काढली. त्यांत कंपनीच्या स्वतःच्या पाहणीत असे निघाले होते की, आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्रामने ते दुःख वाढवल्यासारखे वाटले. मालकाच्या कपाटातली कागदपत्रे बाहेर आल्यावर खटल्याचे रूप पालटते, हा आमचा कामगार न्यायालयातला अनुभव आहे.

या दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. सगळ्या मुलांची सरासरी काढली तर फरक थोडा दिसतो. पण सरासरीत एका घरचे रडणे दुसऱ्या घरच्या हसण्यात बुडून जाते. कोणी फोनवर चित्रकला शिकतो, कोणी गणित सोडवतो. कोणी मात्र रात्रभर दुसऱ्यांची सुंदर घरे, सुंदर अंगे, सुंदर सहली पाहतो आणि आपल्या घराकडे पाहून खचतो. म्हणून आम्ही प्रश्न असा विचारतो : हे तास आले कोठून? दिवस तर चोवीस तासांचाच आहे. ते आले झोपेतून, खेळातून आणि बोलण्यातून. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. या वयात मनाची ओढ जोरकस असते आणि तिला आवर घालणारा मेंदूचा भाग मात्र पुरता पिकलेला नसतो. तो पिकायला पंचविशी गाठावी लागते. झोप तुटलेल्या मुलाचे मन चिडके, भित्रे, उदास होते, यासाठी संशोधन तरी कशाला हवे? रात्रपाळी करणाऱ्या कोणाही कामगाराला विचारा.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी आहे. ‘असर’च्याच २०२३ च्या पाहणीत फोन वापरणाऱ्या चौदा ते अठरा वयाच्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांचा स्वतःचा फोन होता, मुलींपैकी अवघ्या २० टक्के मुलींचा. म्हणजे मुलगी बहुधा भावाच्या किंवा आईच्या फोनवर असते. कोणी तिच्या फोटोचा गैरवापर केला, कोणी घाणेरडे लिहिले, तर ती घरी सांगत नाही. कारण सांगितले की पहिला फोन जाईल आणि मागोमाग शाळाही जाईल, अशी तिला भीती असते. गुन्हा करणारा मोकळा आणि शिक्षा मुलीला, ही रीत आपण घराघरातून आधी मोडली पाहिजे. सायबर गुन्ह्याची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. तो उरणकराने विसरू नये, कारण चिरनेरचा जंगल सत्याग्रह त्याच साली झाला. मन फारच खचले असेल तर सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मनाच्या दुखण्याला डॉक्टर गाठण्यात कमीपणा नाही. पाठ धरली तर आपण जातोच ना?

उपाय काय? येथे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावची हकीकत सांगितली पाहिजे. कडेगाव तालुक्यातले, प्रतिसरकारच्या मुलखातले हे गाव. टाळेबंदीनंतर शाळा उघडल्या, पण मुलांचे वाचनात लक्ष लागेना. ऑगस्ट २०२२ मध्ये, विजय मोहिते सरपंच असताना, गावातल्या स्त्रियांच्या सभेत विषय निघाला आणि ठराव झाला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि दीड तास घराघरातला टीव्ही व मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी बोलायचे, वाचायचे. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून पाहत होते.

ज्या भोंग्याने शंभर वर्षे माणसाला कामावर बोलावले, तोच भोंगा येथे माणसाला कामावरून सोडू लागला. पण याहूनही महत्त्वाचे असे की, हा नियम केवळ मुलांना नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदीचा ठराव केला. हेतू चांगला, पण बाप रील पाहत बसला आणि मुलाला बंदी असेल तर ती टिकते काय? अर्धे लोक बाहेर आणि अर्धे आत, असा संप तिसऱ्या दिवशी फुटतो. वडगावात सगळे एकदम बाहेर पडले. मुलाला मोबाईल सोडवत नाही, कारण त्याचे सगळे मित्र तेथे असतात. तो एकटा बाहेर आला तर एकटा पडतो. सगळे एकदम बाहेर आले तर कोणीच एकटे पडत नाही. एकट्याचा निग्रह आणि सर्वांचा नियम यांत हा भेद आहे.

गावाचा नियम पुरेसा आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. लोखंड्यांनी कामगारांना ‘तुम्ही थोडे कमी काम करा’ असा उपदेश केला नाही. त्यांनी मालकाकडे आणि सरकारकडे मागणी केली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खाती बंद करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. आईबापांना वा मुलांना दंड नाही, हे त्यातले मर्म. आपल्या देशात २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. कायदा झाला म्हणजे काम झाले, असे समजू नये. १८८१ चा कायदाही कागदावर होताच. तपासनीस आणि संघटना आल्या तेव्हा त्यात जीव आला.

आता उरणपुरते बोलू. आमच्या मागण्या लहान आहेत. पहिली, रात्री दहानंतर घरातले सगळे फोन एका फळीवर, बापाचा आधी. यावर कोणी म्हणेल, रात्री सुपरवायझरचा निरोप आला तर? तोही प्रश्न खरा आहे. कामाच्या वेळेनंतर मालकाचा निरोप न घेण्याचा हक्क असावा, असे खाजगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही. पण युनियनने करारात ते कलम घालण्यास कोणाची मनाई आहे? दुसरी, शाळांनी गृहपाठ व्हॉट्सॲपवर रात्री धाडू नये. तो वर्गात फळ्यावर द्यावा. तिसरी, प्रत्येक गावात संध्याकाळी दिवे असलेले एक मैदान आणि रात्री उघडे असलेले एक वाचनालय असावे. जमीन देऊन बंदर उभे करणाऱ्या तालुक्याने आपल्या पोरांसाठी मैदान मागणे ही भीक नव्हे, तो हक्क आहे. मोबाईल काढून घेतला आणि हाती काहीच दिले नाही, तर मूल पुन्हा मोबाईलकडेच जाईल. चौथी, ज्या गावाला जमेल त्याने वडगावसारखा दीड तास ठरवावा, पण ग्रामसभेत, स्त्रियांसह, आणि मुलांनाही विचारून. ज्यांच्या तासांचा प्रश्न आहे त्यांना सभेत जागा नसावी, हे आमच्या चळवळीच्या रीतीत बसत नाही.

हा तालुका एकजुटीला नवखा नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर लोक गोळीला सामोरे गेले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा हक्क उभा राहिला. तेव्हा प्रश्न जमिनीचा होता. जमीन दिसते, मोजता येते, तिचा सातबारा असतो. मुलाच्या झोपेचा, त्याच्या खेळाचा, त्याच्या गप्प बसण्याचा सातबारा कोठे निघत नाही. म्हणून ती हळूहळू दुसऱ्याच्या नावावर चढली तरी आपणांस कळत नाही.

मोजणी मात्र आपल्याला करता येते. आज घरी गेल्यावर मुलाला रागावू नका. त्याच्याशेजारी बसा आणि दोघांचेही फोन काढून आज कोणाचे किती तास गेले ते पाहा. फोनच तो आकडा सांगतो. आपला आकडा आधी दाखवा. कामगार चळवळीचे पहिले काम तास मोजण्याचे होते. कमी करण्याचे काम त्यानंतर आले. आपणही तेथूनच सुरुवात करू.